घसा बसला नव्हता

बाबांनी मला आपली मुलगी म्हणणं ज्या दिवशी थांबवलं, त्या दिवशी वैशाख पौर्णिमा होती. मे महिना, तोही नागपूरचा. सकाळी आठलाच विहाराच्या पायरीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. शेवट आधीच सांगून टाकते आहे, कारण मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही आणि यात रंगवण्यासारखं काही नाहीही. एक बाप होता, एक पोरगी होती, आणि दोघंही हट्टी होते. चूक कोणाची म्हणाल तर निम्मी तरी माझी.

बाबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. काळा कोट, पितळी बिल्ला, आणि चेहरा असा की खरं तिकीट खिशात असलेला माणूसही उगाच खिसे चाचपायला लागे. एकदा माझा सख्खा मामा काटोलहून विनातिकीट गाडीत बसला. जावईबापू ड्युटीवर आहेत, मग तिकिटाची गरजच काय, असा त्याचा हिशेब. बाबांनी त्याच्या नावाची दंडाची पावती फाडली. मामाच्या खिशात तेवढे पैसे नव्हते, म्हणून स्वतःच्या पाकिटातून भरले आणि पावती त्याच्या हातात दिली. आई आठ दिवस बाबांशी बोलली नाही. बाबांना त्याचं काही नव्हतं. जेवताना शांतपणे म्हणाले, "तिकीट नव्हतं तर नव्हतं म्हणाचं होतं. 'जिजाजी, तुमी तर आपलेच' काहून म्हणाचं?"

छप्पन साली ते सात वर्षांचे होते. आमच्या आजोबांनी त्यांना खांद्यावर बसवून दीक्षेच्या मैदानावर नेलं होतं. बाबांना त्या दिवसातलं फार आठवत नसे. नजर जाईल तिथवर डोकी, पांढरे कपडे, आणि खाली वाकून पाहिलं तर रडणारा बाप. आजोबांना रडताना त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "त्या दिवशी आमी माणसात आलो," एवढंच ते म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज बसे.

तर अशा माणसाची मी थोरली पोर. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत जो विहार आहे, त्याच्या समितीचे बाबा अठरा वर्षं अध्यक्ष होते. दर रविवारी सकाळी वंदना. बाबा समोर बसून एकेक ओळ म्हणत आणि मागून सगळे ती म्हणत. मी आठ वर्षांची असल्यापासून बायकांच्या रांगेत पहिली बसायची, कारण माझा आवाज मोठा. मोठा म्हणजे भसाडा नाही, पण खणखणीत. मागच्या बायका माझ्या आवाजावर आपली ओळ धरत. एखादं लहान पोर चुकलं, मध्येच अडलं, की बाबांची एक रीत होती. ते रागवायचे नाहीत. तीच ओळ पुन्हा म्हणायचे, जरा सावकाश. पोरानं धरली की पुढं.

मी धरमपेठेत एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढते, रिपोर्ट करते. नवरा गेला तेव्हा मी चव्वेचाळीसची होते, मूलबाळ नाही. घरी गेल्यावर टीव्ही लावायचा आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचं, असे ते दिवस. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पिढ्यान् पिढ्यांची ख्रिस्ती. रोज डबा उघडण्याआधी डोळे मिटून मान खाली घालायची. मी चिडवायची तिला. "काय वं, तुमचा देव डब्यातली भेंडी बदलून देते का?" ती म्हणायची, "नाही देत. म्हणून तर मागते, की हीच गोड लागू दे." तिला माझा राग कधी आला नाही, याचाच मला राग यायचा.

एका रविवारी मी तिच्यासोबत तिच्या चर्चमध्ये गेले. काहून गेले, ते आजही नीट सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं, हे खरं कारण. मागच्या बाकावर बसले. येशू आपल्या मेलेल्या मित्राच्या कबरीपाशी रडला, एवढंच त्या दिवशी माझ्या कानात शिरलं. बाकीचं प्रवचन गेलं कुठच्या कुठं. नवरा गेल्यावर मला सगळ्यांनी समजावलं होतं. अनित्य आहे, जाणार होता तो गेला, सावर. सगळं बरोबरच होतं. पण माझ्याबरोबर बसून कोणी रडलं नव्हतं. मी तिथं मागच्या बाकावर तोंडात पदर कोंबून रडले आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मग जातच राहिले, दीड वर्ष. मला कोणी तांदळाचं पोतं दिलं नाही, नोकरी दिली नाही, आजार बरा केला नाही. लोक विचारतात म्हणून सांगून ठेवते.

त्या दीड वर्षात निभलं. एक रविवार विहारात, एक तिकडे, कधी कमरेचं दुखणं, कधी पाहुणे. जानेवारीत मी बाप्तिस्मा घेतला आणि मग मला विहारात बसून शरण जाण्याच्या ओळी म्हणता येईनात. इथवर जे केलं त्याची मला लाज नाही. पुढच्याची मात्र आहे.

बाबांचा फोन आला. "वंदनेले आली नाही वं माय?"

माझ्या तोंडून निघालं, "बाबा, लॅबमध्ये रविवारची ड्युटी लावली आता."

एवढं सोपं होतं. एकदा म्हटलं आणि मग दर रविवारी तेच पुरलं. बाबा लॅबच्या मालकावर चिडले. "विधवा बाई पाहून राबवून घेऊन राहिला तो. मी येऊन बोलू का त्याच्याशी? कामगार कायदा आहे म्हणा." मी कसंबसं थोपवलं. तर त्यांनी दुसरंच सुरू केलं. दर रविवारी दुपारी माझ्या भावाच्या हाती डबा पाठवायला लागले. पातोडीची रस्साभाजी, भाकर, कांदा. सुट्टीच्या दिवशी पोरगी राबते, तिनं घरी येऊन कुठं चूल पेटवायची म्हणून. मी प्रार्थनेहून परत यायची, कपडे बदलायची आणि तो डबा उघडायची. चार महिने मी ती पातोडी खाल्ली. घास घशाखाली उतरायचा नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. उतरायचा. आई गेल्यापासून स्वयंपाक वहिनीकडे, आणि तिच्या हाताला चवच तशी आहे.

लॅबमधली ती बाई म्हणाली, "वडिलांना घरी जाऊन सांग. एकट्याला सांग, पाया पडून सांग." तिचं ऐकलं असतं तर आज मी हे लिहीत बसले नसते. पण मला बाबांच्या समोर एकटीनं बसायची छातीच होत नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांनी विचारलं, "उद्या तरी येशीन ना वं? सारी वस्ती येते."

मी म्हटलं, "येईन."

आणि रात्रभर डोकं लढवून मी एक शहाणपण काढलं. जाते. पांढरी साडी नेसून आपल्या जागेवर बसते. तीन शरणांच्या वेळी गप्प राहते, कारण मी आता दुसऱ्याला शरण गेले आहे. पण पंचशील मोठ्यानं म्हणते. जीव घेऊ नये, चोरी करू नये, व्यभिचार करू नये, खोटं बोलू नये, दारू पिऊ नये. यातलं कोणतं मला अमान्य होतं? पाचही शीलं बाबांनी मला मांडीवर बसवून शिकवली होती. बाबांचा मान राहील, माझी श्रद्धाही राहील. कोणाच्या लक्षातही येणार नाही. असं वाटलं मला. पस्तीस-चाळीस वर्षं ज्या आवाजावर सगळ्या बायका ओळ धरत होत्या, तो आवाज मधूनच बंद झाला तर कोणाच्या लक्षात येणार नाही, हे मला वाटलं.

विहार खच्चून भरला होता. भंतेजी दुपारी येणार होते, सकाळची वंदना बाबांकडेच होती. पांढरा सदरा, पांढरं धोतर. मला पाहून त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथल्या तिथं उठून पळून जावंसं वाटलं. सुरुवातीचं वंदन झालं. त्या वेळी पोरं जागा शोधत असतात, गलका असतो, माझं गप्प राहणं कोणाच्या कानावर गेलं नाही. मग बाबांनी पहिल्या शरणाची ओळ म्हटली.

मी हात जोडून बसले होते. ओठ मिटलेले.

मागून ओळ आली, पण विस्कटलेली. कोणी लवकर, कोणी उशिरा. माझ्या मागची बाई तर अडखळून थांबलीच. बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं की ऊन लागलं, किंवा नवऱ्याच्या आठवणीनं गळा दाटला. आणि त्यांनी ती आपली रीत केली. तीच ओळ पुन्हा म्हटली. जरा सावकाश, माझ्याकडे पाहत, मी धरावी म्हणून.

मी धरली नाही.

त्यांनी तिसऱ्यांदा म्हटली. पन्नाशीला टेकलेल्या पोरीसाठी, भरल्या विहारात, आठ वर्षांच्या पोरीसाठी म्हणायचे तशीच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. तरी मी गप्पच. मग ते पुढं गेले. तिन्ही शरणं तीन-तीनदा, नऊ ओळी, त्या मला नऊ तास वाटल्या.

त्यानंतर शीलं आली आणि मी ठरवल्याप्रमाणे तोंड उघडलं. माझा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका स्वच्छ लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. शेवटपर्यंत गप्प राहिले असते तर पोरीची तब्येत बरी नाही म्हणून गेलं असतं. पाच ओळी खणखणीत म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं होतं की आधीच्या नऊ मी जाणूनबुजून सोडल्या. चौथं शील म्हणताना बाबांचा आवाज बारीक झाला होता, माझा नाही.

वंदना संपली. सूचनांची वेळ होती, खिरीच्या पंगतीचं सांगायचं होतं. समितीचे सचिव काका, फार भले गृहस्थ, हसत मला म्हणाले, "काय बाई, मधातच घसा बसला होता का? उन्हाचं होते असं."

पाहा, माणसानं किती सोपं करून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. सगळे हसले असते, बाबांनी मला लिंबूपाणी मागवलं असतं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा डबा आला असता. मी मान हलवणारही होते. खोटं का लपवावं, हलवणारच होते. पण दोन मिनिटांपूर्वी त्याच तोंडानं मी खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं.

बाबांनी हात वर करून सचिव काकांना थांबवलं. "थांबा. तिले बोलू द्या. काहून वं, शरण काहून नाही म्हटलं?"

मी उठले. आधी बाबांना हात जोडले, मग सगळ्या सभेला.

"बाबा, माझा घसा बसला नव्हता," मी म्हटलं. "मी येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवला आहे. बाप्तिस्मा घेतला आहे. शरण एकालेच जाता येते, म्हणून मी तिथं गप्प राहिली. कोणाचा अपमान कराले नाही. मी याच विहारात लहानाची मोठी झाली, जे चांगलं आहे ते इथंच शिकली. तुमी सगळे माझे वडीलधारे आहात. तुमी जो निर्णय घ्याल, तो मले कबूल आहे. फक्त मी जे आहे ते नाही म्हणू शकत नाही."

मग मागून एक जण ओरडला, "किती भेटले?"

माझं डोकं फिरलं. मी वळलेच होते त्याच्याकडे, तोंडात येईल ते बोलले असते. पण माझ्याआधी बाबा बोलले. "खाली बस. सभा माझ्या अध्यक्षतेत आहे. तिचा धर्म तिनं निवडला, तो हक्क तिचा आहे. आपल्या बापजाद्यांनी तोच हक्क वापरला होता. या गोष्टीवरून तिले कोणी एक शब्द बोलणार नाही, इथंही नाही, वस्तीतही नाही."

मला वाटलं, जिंकलं. एवढ्या माणसांसमोर माझा बाप माझ्या बाजूनं उभा राहिला. मला रडू फुटलं आणि मी त्यांच्या पाया पडायला पुढं सरकले.

त्यांनी पाय मागे घेतले. "एकच विचारतो," ते म्हणाले. "कधी घेतला?"

"जानेवारीत."

"मंग रविवारी लॅब नव्हती?"

तो सगळ्या सभेला विचारलेला प्रश्न नव्हता. हळू आवाजात, माझ्यापुरता होता. पण पुढच्या दोन रांगांनी ऐकला.

"नव्हती, बाबा."

त्यांनी मान हलवली. तिकीट नसलेल्या माणसानं शेवटी कबूल केल्यावर हलवत असतील, तशी. मग सचिव काकांकडे वळून खिरीच्या पंगतीचं सांगायला लागले. आधी लहान मुलं, मग बाया, मग माणसं. त्यात काही चुकले नाहीत. मी माझ्या चपला शोधल्या आणि घरी आले.

संध्याकाळी मी बाबांकडे गेले. बाबा पुढच्या खोलीत राजीनामा लिहून ठेवून बसले होते. अध्यक्षपदाचा. भाऊ म्हणाला की समितीनं तो मागितला नव्हता, उलट सगळे नको म्हणत होते. मी खाली जमिनीवर बसले आणि मनात जे होतं ते सगळं बोलून टाकलं. नवरा गेल्यानंतरचं घर, तो टीव्ही, तो मागचा बाक. शेवटी म्हटलं, "बाबा, आजोबांनी नाही का आपला धर्म स्वतः निवडला? मीही तेच केलं."

बाबांनी राजीनाम्याचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाले, "माझ्या बापानं उजेडात घेतला. मैदानात. साऱ्या जगासमोर, पोरगं खांद्यावर घेऊन. तू चार महिने लपून राहिली. अन् मी डबे पाठवत राहिलो."

आज सांगितलं ना, भर सभेत सांगितलं ना, असं म्हणावंसं वाटलं. पण ते सांगणं त्यांच्या विचारण्यातून निघालं होतं, माझ्या हिमतीतून नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. मी "माफ करा" म्हटलं. त्यांनी "ठीक आहे" म्हटलं. आजपर्यंत कोणी मला इतकं दुखेल असं ठीक आहे म्हटलेलं नाही.

त्यानंतर चार वर्षं. मी दर शनिवारी संध्याकाळी जायची. बाबा स्वतः दार उघडायचे. वहिनीला सांगायचे, पाणी आण, चहा ठेव. पाणी ट्रेमध्ये यायचं. चहा काचेच्या कपाटातल्या बशीवाल्या कपात यायचा, जो आम्ही भावाच्या साहेबांसाठी काढायचो. तब्येत विचारायचे, लॅब कशी चालली विचारायचे. उठताना दारापर्यंत सोडायला यायचे. वस्तीत माझ्याविरुद्ध कोणी बोललं की त्याला गप्प करायचे, हे मला भावाकडून कळायचं. सगळं रीतसर. फक्त "वं" गेलं, "माय" गेलं, आणि कोणाशी माझी ओळख करून द्यायची वेळ आली तर म्हणायचे, "या धरमपेठेत लॅबमध्ये असतात."

एका शनिवारी माझा तोल गेला. कप आदळलाच मी टेबलावर. "बाबा, रागवा तरी माझ्यावर. दोन शिव्या द्या, एक थापड मारा. हे काय लावलं तुमी?"

ते म्हणाले, "राग घरच्या माणसावर कराचा असते." आणि सांडलेला चहा स्वतःच्या रुमालानं पुसला.

घरी येऊन मी देवाशी भांडले. खरंच भांडले, मोठमोठ्यानं, शेजारणीनं भिंत ठोकावी इतकं. तुला धरलं म्हणून बाप गेला, असं म्हटलं. मग मीच गप्प झाले, कारण बाप त्याच्यामुळं गेला नव्हता. तो माझ्या त्या एका वाक्यामुळं गेला होता. देवानं मला ड्युटी लागली म्हणून सांग असं कधी सांगितलं नव्हतं. श्रद्धा मी सोडली नाही. तिच्याबद्दल एक दिवस पस्तावले नाही. पण तिच्यासाठी मी जी किंमत मोजली असं माझ्या चर्चच्या मंडळीतले लोक कौतुकानं म्हणतात, तेव्हा मला उठून सांगावंसं वाटतं की ही किंमत श्रद्धेची नव्हती हो, ही भित्रेपणाची होती.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत बाबांच्या पोटात असह्य दुखायला लागलं. दुपारी भावानं त्यांना दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. आतड्याला पीळ पडला होता, ताबडतोब ऑपरेशन करायचं होतं. मी पोचले तेव्हा भाऊ रक्ताच्या बाटल्या आणायला गेला होता. बाबा स्ट्रेचरवर होते, नाकात नळी. मी रिपोर्ट पाहिले. आयुष्यभर रिपोर्ट पाहत आले आहे, ते आकडे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सिस्टर फॉर्म घेऊन आली. "नातेवाईक कोण आहे? इथं सही करा."

मी पेन घेतलं. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि सहज विचारलं, "बाबाजी, या मुलगी आहेत ना तुमच्या?"

माझा हात फॉर्मवर होता तसाच राहिला. चार वर्षं मी या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी दर शनिवारी बस पकडत होते. बाबा माझ्याकडे पाहत होते. दुखण्यानं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. हो म्हणायला किती त्रास होतो आहे ते दिसत होतं, आणि नाही म्हणणं त्यांच्याच्यानं झालं नसतं.

"हो," ते म्हणाले. "पोरगी आहे माझी." मग श्वास घेऊन, "पण सही पोरगा करन. थांबा थोडं."

"वेळ नाही हो बाबाजी," सिस्टर म्हणाली.

"थांबा म्हटलं ना," ते म्हणाले.

मी पेन परत दिलं. भाऊ यायला वीस मिनिटं लागली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की त्या वीस मिनिटांनी काही फरक पडला नसता, आणि मला तो विषय कळतो, म्हणून मी विश्वास ठेवते.

ती वीस मिनिटं आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या उशाशी उभी. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. त्यांच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करायची. मनातल्या मनात केली असती तर कोणाला कळणार होतं? ओठ हलवायचीही गरज नसते. पण मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, मी तुमच्यासाठी येशूजवळ प्रार्थना करू का? तुमी हो म्हटलं तरच करीन."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पण आलं होतं.

"विचारलं ते बरं केलं," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "नको."

"बरं, बाबा," मी म्हटलं.

मी हात मागे घेतला. त्यांना दिसतील असे दोन्ही हात स्ट्रेचरच्या दांडीवर ठेवले आणि भावाची वाट पाहत राहिले. तो धावत आला, सही झाली, त्यांना आत नेलं. ते शुद्धीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

आत नेल्यावर, दार लागल्यावर, मी प्रार्थना केली, माझ्यापुरती. भिंतीला टेकून, मोठ्यानं, येणारेजाणारे पाहत होते तरी. पण ते माझ्यासमोर होते त्या वीस मिनिटांत मी एक शब्दही म्हटला नाही, मनातसुद्धा नाही. माझ्या बापाला मी त्याच्या शेवटच्या वेळी माझ्या देवाच्या हाती सोपवलं नाही, कारण त्यानं नको म्हटलं होतं, आणि त्याच्या उशाशी उभं राहून त्याच्यापासून लपवून काही करणं माझ्यानं पुन्हा होणार नव्हतं.